एका बैलगाडीच्या आठ मोटारी

गेल्या दिवाळीला आम्ही ठाण्याहून गावाकडे निघालो ते पहाटे चारला. चारला निघाले म्हणजे घाट मोकळा मिळतो, असा आमच्या चिरंजीवांचा हिशेब. तोच हिशेब त्या दिवशी मुंबई-ठाण्याच्या हजारो चिरंजीवांनी केला असावा. कारण खोपोली मागे टाकून बोरघाटाच्या चढाला लागलो आणि जे थांबलो, ते उन्हे डोंगरावर येईपर्यंत जागचे हाललो नाही. गावी पोचल्यावर उघडायचा चिवड्याचा डबा सूनबाईंनी घाटातच उघडला. पुढच्या मोटारीतल्या मंडळींनी रस्त्यावर उतरून चक्क पत्ते काढले. चिरंजीव मात्र स्टिअरिंगवर बोटे आपटीत "काय ही ट्रॅफिक!" असे दर पाच मिनिटांनी म्हणत होते. ट्रॅफिक म्हणजे बाकीचे सगळे. आपण तिच्यात अडकलेले. त्या घाटात उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीत हेच वाक्य चालले असणार.

नात मोबाइलवरचा नकाशा पाहत होती. "आजोबा," ती म्हणाली, "आपण लाल रेघेवर आहोत. ही रेघ लाल करायची, हे कोण ठरवतं?"

मी आयुष्यभर सरकारी रस्तेखात्यात नोकरी केली. या प्रश्नाचे उत्तर माझ्या जिभेवर असायला हवे होते, आणि तसे ते होतेही. पण ते सांगता सांगता मला भलतेच काही आठवू लागले. म्हणून नातीला दिलेले उत्तर आणि तिला न सांगितलेली गोष्ट, दोन्ही इथे लिहीत आहे.

रस्त्यावरची गर्दी मोजायची म्हणजे गाड्या मोजायच्या, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही नोकरीच्या पहिल्या दिवशी तसेच वाटले होते. पण नुसत्या गाड्या मोजून गर्दी कळत नाही, ही या शास्त्रातली पहिली गंमत. समजा, एका खांबापाशी उभे राहून तासाभरात हजार मोटारी गेल्याचे तुम्ही मोजले. रस्ता मोकळा होता आणि मोटारी सुसाट गेल्या, तरी आकडा हजार येऊ शकतो. रस्ता तुंबला होता आणि मोटारी मुंगीच्या पावलाने गेल्या, तरीही हजारच येऊ शकतो. १९३४ च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायओ राज्यात ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या अभियंत्याने रस्त्याच्या कडेला सिनेमाचा कॅमेरा लावला, ठरावीक अंतराने वाहनांची चित्रे घेतली, आणि त्यांवरून वेग व दाटी यांचे नाते मांडले. दाटी वाढली की वेग उतरतो. एका मर्यादेपर्यंत दाटीबरोबर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींची संख्या वाढते. मर्यादा ओलांडली की तीच संख्या घसरू लागते. देवळाच्या दारात रेटारेटी झाली म्हणजे एकालाही आत जाता येत नाही, तसे.

मग १९५० साली अमेरिकेत रस्त्यांच्या क्षमतेची पहिली पोथी निघाली. तीत रस्त्याची व्यवहारी क्षमता सांगताना असा आशय आहे की, वाहनचालकांना अवाजवी विलंब, धोका किंवा अडचण न होता जितकी वाहने जाऊ शकतील तितकी. या व्याख्येतला ‘अवाजवी’ हा शब्द मी विद्यार्थिदशेत वाचला आणि पुढे गेलो. आज तो मला खुपतो. विलंब किती सेकंदांचा, हे घड्याळ सांगते; वाजवी किती आणि अवाजवी किती, हे कोणते घड्याळ सांगणार? गणिताच्या पुस्तकात न्यायनिवाड्याचा शब्द आला होता, आणि आम्ही तो गणिताच्याच भावात घेतला.

१९६५ च्या आवृत्तीत शाळेसारख्या श्रेणी आल्या. ‘ए’ पासून ‘एफ’ पर्यंत सहा अक्षरे, आणि त्यांना नाव दिले ‘सेवेची पातळी’. पुढच्या आवृत्त्यांत द्रुतमार्गासाठी नेमके आकडे ठरले. एका पट्ट्यावर मैलभरात अकरापर्यंत मोटारी असल्या, म्हणजे दोघींत सरासरी दीडशे मीटरच्या आसपास अंतर असले, तर ‘ए’. पंचेचाळीसच्या वर गेल्या की ‘एफ’. चौकातल्या दिव्यापाशी दर मोटारीला सरासरी दहा सेकंदांपर्यंत खोळंबा झाला तर ‘ए’. ऐंशी सेकंदांच्या वर गेला तर ‘एफ’, म्हणजे नापास.

ही अक्षरे मोठी फसवी आहेत. शाळेत ‘ए’ मिळवणारा मुलगा सर्वांत जास्त काम करतो. रस्त्याचे उलट आहे. ‘ए’ श्रेणीचा रस्ता बहुतेक रिकामा असतो; आणि सर्वांत जास्त वाहने पोचवून देतो तो ‘ई’ श्रेणीचा, म्हणजे काठोकाठ भरलेला आणि तरीही वाहता असलेला. ज्या कीर्तनाला तीन श्रोते, त्याला पहिली श्रेणी. आणि सभामंडप भरला की बुवा काठावर पास! गावाने सारे पैसे ओतून बांधलेला रस्ता ओसाड असावा ही इच्छा कोणाची? ज्याला त्यावरून एकट्याने, वेगाने जायचे आहे त्याची. श्रेणी देणारा परीक्षक मोटारीच्या आसनावर बसलेला आहे. रस्त्याकडे तो तिथूनच पाहतो.

नातीला मी हे सांगत होतो तेव्हा चिरंजीवांनी मागे न पाहता विचारले, "पण बाबा, ही कोंडी होणार हे तुमच्या खात्याला आधी कळत नाही का?"

कळते. नुसते कळतच नाही, ती मंजूर केलेली असते. वर्षाचे तास ८,७६०. त्या सर्व तासांची वाहतूक गर्दीच्या उतरत्या क्रमाने लावायची, आणि तिसाव्या क्रमांकाच्या तासाला पुरेल असा रस्ता आखायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. वरच्या एकोणतीस तासांसाठी रस्ता बांधायचा म्हटले तर तो उरलेले वर्षभर रिकामा पडतो आणि पैसा वाया जातो. तेव्हा त्या एकोणतीस तासांत लोकांनी खोळंबायचे, हे नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वीच ठरलेले असते. दिवाळीच्या तोंडावरचे तास बहुधा त्यांतलेच. "म्हणजे आपण नियोजनाप्रमाणेच अडकलो आहोत," मी म्हणालो. चिरंजीवांना या माहितीने काही बरे वाटल्याचे दिसले नाही.

मला स्वतःला ही तिसाव्या तासाची रीत आवडते. तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. सर्वांचे सर्व दुःख दूर करता येणार नाही, म्हणून किती ठेवायचे ते उघडपणे ठरवा, असे ती म्हणते. मला अडचण वाटते ती दुसऱ्या एका मोजणीची. अमुक शहरातल्या माणसाचे वर्षाला इतके तास रस्त्यावर वाया गेले, असे आकडे अलीकडे वर्तमानपत्रांत येतात. ते तास कशाच्या तुलनेत वाया गेले? मोकळ्या रस्त्याच्या. गर्दीच्या वेळी लागलेला काळ घ्यायचा, मोकळ्या रस्त्यावर लागला असता तो काळ घ्यायचा, आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. म्हणजे शहर झोपलेले असताना रात्री दोन वाजता जो वेग मिळतो, त्यावर सकाळी नवाला आपला हक्क आहे असे धरायचे, आणि तो मिळाला नाही म्हणून तोटा मांडायचा. जे कधी कोणाचे नव्हतेच, ते गमावल्याचा हा शोक! अशा हिशेबाने मला दर पंगतीत आग्रहाच्या जिलब्यांचा तोटा दाखवता येईल.

आता बैलगाडीकडे वळतो. माझे मन घाटातून तिच्याकडेच जात होते.

अमेरिकेतल्या रस्त्यावर बहुतेक मोटारीच. आपल्याकडे मोटार, ट्रक, एस.टी., सायकल, हातगाडी, टांगा, बैलगाडी अशी सगळी वरात एकाच डांबरावरून चालते. त्यांची बेरीज करायची कशी? त्यासाठी मोटार हे एकक धरले, आणि बाकीच्यांना मोटारीच्या पटीत बसवले. आपल्या देशात रस्त्यांची मानके ठरवते ती इंडियन रोड्स काँग्रेस. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्तेसमितीच्या कामातून पुढे १९३४ साली ती जन्माला आली. तिच्या १९९० च्या कोष्टकात, गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी, मोटार एक, स्कूटर अर्धी, सायकलही अर्धी, बस किंवा ट्रक तीन, हातगाडी तीन, टांगा चार, आणि बैलगाडी आठ. लहान बैलगाडी असेल तर सहा धरावी, अशी खाली टीप.

बैलगाडीचा हा मान पाहून कोणाला वाटेल, वा, बळिराजाचा गौरव झाला! तसे नाही. बैलगाडी आठ, कारण ती मोटारीला आठ मोटारींइतकी अडचण करते. हळू चालते, जागा खाते, ओलांडून जायला समोरचा रस्ता मोकळा लागतो. या आकड्यात खोटे काही नाही; तो मोजून काढलेला आहे. पण मोटारीमुळे बैलांना किती अडचण होते, कर्ण्याने ती किती बुजतात, गाडीवानाला किती वेळा कडेच्या मातीत उतरावे लागते, याचे उलटे कोष्टक कोणी केलेले नाही. बसची तऱ्हाही पाहा. पन्नास माणसे घेऊन जाणारी एस.टी. तीन अडचणी करते, आणि एकच माणूस घेऊन जाणारी मोटार एक. आत किती माणसे आहेत, ते कोष्टक विचारीत नाही.

मी १९९२ साली कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात उपअभियंता होतो. गळिताचा हंगाम भरात होता, आणि हमरस्त्यावरच्या एका गावापाशी आम्हाला वाहतुकीची गणना करायची होती. सलग सात दिवस, रात्रंदिवस, आठ-आठ तासांच्या पाळ्या. वडाखाली एक बाकडे, रात्री कंदील, आणि मांडीवर छापील तक्ते. प्रत्येक वाहनाला त्याच्या रकान्यात एक उभी रेघ. चार झाल्या की पाचवी आडवी, म्हणजे एक जुडी. दिवसाच्या पाळीला एक म्हातारा मैलकुली होता. अक्षरे त्याला जेमतेम येत, पण रेघ चुकत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ते पाहायला गेलो तेव्हा त्याने मला विचारले, "सायेब, ही चालत जाणारी कुठल्या रकान्यात वडायची?"

रस्त्याच्या एका बाजूला गाव होते. शाळा, विहीर आणि बरीचशी शेते दुसऱ्या बाजूला. सकाळपासून माणसांची ये-जा चाललेली. मी म्हणालो, "ती ओढायची नाहीत, मामा. तक्ता वाहनांचा आहे."

"व्हय," तो म्हणाला. "पर रस्ता तर त्येंस्नी बी लागतुया."

मी हसलो असेन. नक्की आठवत नाही. सातव्या दिवशी तक्ते जमा केले तेव्हा दिसले की, त्याच्या पाळीच्या प्रत्येक कागदाच्या पाठीमागे जुड्याच जुड्या होत्या. मोठ्या माणसांच्या मोठ्या रेघा आणि पोरांच्या लहान. मी कागद उलटून पुन्हा सुलटे केले. वर पाठवायचा गोषवारा पुढच्या बाजूचा होता; तो मी पाठवला.

दुपदरी रस्त्याची मर्यादा दिवसाला पंधरा हजार एककांची धरलेली. आमची बेरीज तिच्या जवळ जाऊन भिडली. आणि ती भिडली कशाने? कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांनी! शंभर बैलगाड्यांच्या आठशे मोटारी होतात. पुढे काही वर्षांनी रस्ता चौपदरी झाला. मध्ये दुभाजक आला. गावासमोर त्यात सोडलेली फटही नंतर वेगाला आडवी येते म्हणून बुजवली. वड गेला. ज्या बैलांच्या आकड्यांवर तो रस्ता रुंद झाला, त्यांना त्यावर पाय ठेवणे जिवावरचे झाले. आणि पाठीमागच्या जुड्यांतली माणसे कुठून पलीकडे जाणार, हे कोणत्याच कागदावर नव्हते. ते ज्या कागदावर होते, तो मी उलटला होता.

माझ्या समाधानासाठी मी पुष्कळदा म्हटले आहे की, मी नियमाबाहेर काही केले नाही. तक्ता वरून आलेला होता. हे खरे आहे, आणि त्याने समाधान होत नाही, हेही खरे आहे.

मोजमापातली ही उणीव फक्त आमच्या खेड्यापाड्यांतली नाही. डांबराखाली तारेचे वेटोळे पुरून वाहने मोजण्याची युक्ती जगभर वापरतात. वरून लोखंड-पोलाद गेले की तारेला कळते. अनवाणी माणूस गेला तर तिला गंधवार्ताही नसते. नातीच्या मोबाइलवरची लाल रेघ वाहनांतल्या मोबाइलच्या वेगावरून निघते. चालणाऱ्याच्या खोळंब्याने नकाशावर रंग चढत नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने सायकलींसाठी पट्टे आखायचे ठरवले, तर २००६ साली न्यायालयाने ते काम अडवले. पर्यावरणाचा अभ्यास आधी करा, असा आदेश झाला; आणि त्या राज्यात पर्यावरणाची हानी मोजताना मोटारींच्या खोळंब्याची तीच ए-ते-एफ श्रेणी लावीत. सायकलमुळे मोटार थांबली तर पर्यावरण बिघडले! चार वर्षांनी, २०१० साली, ती मनाई उठली. २०१३ साली कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला, आणि १ जुलै २०२० पासून मोटारींचा खोळंबा ही पर्यावरणाची हानी मानणे तिथे बंद झाले. आता वाहने एकूण किती मैल धावतात ते पाहतात. पट्टी बदलली तेव्हा रस्त्यावर काहीच बदलले नव्हते; तरी कालचा गुन्हेगार आज निर्दोष ठरला.

तर मग चालणाऱ्यांनाही श्रेणी द्या, असे कोणी म्हणेल. तेही झाले आहे. १९७१ साली जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने पादचाऱ्यांच्या श्रेणी मांडल्या. आपल्याकडे केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने २०१७ साली सिद्ध केलेल्या भारतीय पोथीतही पादचाऱ्यांचे प्रकरण आहे. पण फ्रुइनची श्रेणी प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या जागेवर बेतलेली. हमरस्त्याच्या कडेला एकटी उभी असलेली बाई त्या हिशेबाने ‘ए’ श्रेणीत. तिच्याभोवती मोकळी जागा किती! अमेरिकन पोथीतच दुसरीकडे म्हटले आहे की, तीस सेकंदांहून जास्त थांबावे लागले की पादचाऱ्याचा धीर सुटू लागतो आणि तो धोका पत्करतो. मोटारवाला ऐंशी सेकंदांनी चिडतो. तो आतल्या आत चिडतो, त्याच्याभोवती पत्रा आहे. चालणाऱ्याचा धीर तिसाव्या सेकंदाला सुटतो, आणि तो सुटला की त्याच्याभोवती काही नाही. हे दोन आकडे पोथीत वेगवेगळ्या पानांवर आहेत. मी ते दोन्ही पाठ म्हणत असे, पण शेजारी शेजारी ठेवून पाहिले ते निवृत्त झाल्यावर.

घाट सुटला तेव्हा नऊ वाजून गेले होते. पुढे साताऱ्यापर्यंत रस्ता बरा मिळाला. दुपारी चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे चहा घेऊ," आणि मोटार ज्या टपरीपाशी थांबली, ते गाव मी ओळखले. या गावावरून मी वर्षानुवर्षे गेलो आहे. थांबलो कधीच नव्हतो.

मंडळी चहा घेत होती. मी दुभाजकाकडे चालत गेलो. गावासमोर दुभाजकाचा एक दगड लोकांनी काढून टाकलेला होता. त्या जागेची माती पायांनी गुळगुळीत झालेली. अलीकडच्या कडेला माझ्याच वयाची एक बाई वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो आणि जुन्या सवयीने घड्याळ पाहिले. तीस सेकंद झाले. ऐंशी झाले. दिवाळीची वाहने थांबत नव्हती. दोन मिनिटे होत आली तेव्हा तिने भाऱ्याखालून माझ्याकडे मान वळवली.

"काय अण्णा," ती म्हणाली, "सारखं घड्याळ बगतायसा. यष्टी चुकली काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग चला की," ती म्हणाली, आणि एका ट्रकच्या मागे जरा फट दिसताच डांबरावर उतरली. मी तिच्या मागोमाग निघालो.